एसएसडी बदलायला बसण्याआधी

बॅकअप घ्या. यावर बोलायची गरज नाही.

त्यानंतर, लॅपटॉपचा एकही स्क्रू सोडवण्याआधी, बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा आकडा, कागदावर उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट, एकूण ४८ आकडे. ‘मी बिटलॉकर कधी लावलंच नाही’ म्हणून हे सोडून देऊ नका. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, न विचारता चालू होतं. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं, म्हणून इतकं सांगतेय. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी उघडून बघा. की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबपानावर, आपल्या डिव्हाइसच्या नावाखाली सापडते. पण त्या खात्यात दुसऱ्या मशीनवरून शिरता येतंय का, ओटीपी जातो तो मोबाईल नंबर अजून चालू आहे का, हे आजच तपासा. एकापेक्षा जास्त की दिसल्या तर की आयडीची पहिली आठ अक्षरंही लिहा, नाहीतर कुठली कशाची ते कळत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांकडून मागून घ्या. त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये की ठेवणं म्हणजे न ठेवणंच. की हरवली तर दुकानदार काही करू शकत नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही.

आता नवा ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी. एम.२ (पट्टीसारखा चपटा एसएसडी) म्हटलं की सगळं एकच, असं नाही. सारख्याच दिसणाऱ्या पट्टीत साटाही असतो आणि एनव्हीएमईही (जोडणीच्या दोन वेगळ्या जाती), आणि काही जुन्या लॅपटॉपचा स्लॉट त्यातला एकच घेतो. मॅन्युअल बघा. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. लहान लॅपटॉपात २२४२ लागू शकतो. स्लॉट एकच असेल तर नवा ड्राइव्ह बाहेरून जोडायला यूएसबी एन्क्लोजर (ड्राइव्ह ठेवायची डबी) आणा, तोही ड्राइव्हच्या जातीचा, कारण साटाचा एन्क्लोजर एनव्हीएमई वाचत नाही. ड्राइव्ह दाबून धरणारा बारीक स्क्रू पुष्कळदा नव्या ड्राइव्हच्या डब्यात नसतो. तो आधी शोधून ठेवा.

क्लोन करण्यापूर्वी, म्हणजे जुन्या ड्राइव्हची जशीच्या तशी नक्कल नव्यावर उतरवण्यापूर्वी, चेकडिस्क (डिस्कमधल्या चुका तपासणारं विंडोजचं साधन) चालवा, फास्ट स्टार्टअप बंद करा, चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर पुण्यात गुरुवारी हे काम काढूच नका, देखभालीसाठी वीज कधी जाईल नेम नाही. एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. याला वेळ लागतो, घाई करू नका. आणि बंद करण्याआधी की लिहून झालीय ना? झाली नसेल तर इथेच थांबा.

क्लोनिंगला ड्राइव्हच्या कंपनीचं सॉफ्टवेअर चालतं, नाहीतर क्लोनझिला आहे, फुकट. नुसता सी ड्राइव्ह उचलू नका. ईएफआयचं छोटं पार्टिशन (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) मागे राहिलं तर मशीन बूटच होणार नाही. नवा ड्राइव्ह मोठा असेल तर उरलेली जागा क्लोन करतानाच सी ला द्या, कारण नंतर मध्ये रिकव्हरी पार्टिशन येऊन बसतं आणि विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट सी वाढवू देत नाही.

पहिल्यांदा सुरू करताना जुना ड्राइव्ह काढून ठेवा, दोन्ही एकत्र नकोत. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर पहिला. तिथल्या सिक्युअर बूट, टीपीएम, स्टोरेज मोड या बाकीच्या सेटिंग्जना हात लावू नका.

चाललं? एन्क्रिप्शन परत चालू करा. आता की नवी तयार होते, जुना कागद नव्या ड्राइव्हला चालणार नाही. ही नवी कीसुद्धा लिहा, आत्ताच.

जुना ड्राइव्ह महिनाभर तसाच ठेवा. आता तो उघडा आहे, कुलूप नाही. कुणाला देणार असाल तर आधी सिक्युअर इरेज, म्हणजे सगळा डेटा कायमचा पुसणं.