टर्बाइनला हायड्रोजन पाजताना

भोसरीच्या आमच्या पॅनेल शॉपमध्ये नवी पोरं आली की मी आधी सांगतो: टक्के कशाचे, ते विचारा. गॅस टर्बाइनच्या इंधनात, म्हणजे नैसर्गिक वायूत, आकारमानाने 30 टक्के हायड्रोजन घातला, तरी उष्णता त्यातून जेमतेम 11 टक्के. (सेल्सवाले अर्थातच 30 मिरवतात.) म्हणून टर्बाइनची इंधनाची मागणी उष्णतेत धरा, मग प्रत्येक वायूच्या व्हॉल्व्हचा प्रवाह काढा.

वॉबे निर्देशांक, म्हणजे उष्मांक भागिले सापेक्ष घनतेचं वर्गमूळ, डोळ्यांसमोर हवाच; त्याच दाबाला बर्नरमध्ये किती उष्णता जाईल, ते त्यावरून कळतं. पण गॅस क्रोमॅटोग्राफच्या (वायूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) भरवशावर कंट्रोल लूप चालवू नका. त्याचं उत्तर यायला मिनिटं लागतात, ज्योत बर्नरमध्ये मागे शिरायला क्षण पुरतो. प्रमाण फ्लोमीटरवरून राखा, क्रोमॅटोग्राफकडे फक्त बारीक दुरुस्ती. मिश्रण रॅम्पनेच, म्हणजे हळूहळू, बदला. लोड एकदम पडला तर आधी हायड्रोजन तोडा, मग ती लाइन नायट्रोजनने झाडून घ्या.