फॉर्म भरायला येण्याआधी एवढं करा

मृगाचा पाऊस पडला की माझ्या दुकानापुढे चपलांचा ढीग लागतो. वणी तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. बाप पेरणी सोडून आलेला, पोट्ट्यानं मार्कशीट घडी करून खिशात कोंबलेली, आणि दोघांचा एकच सवाल: "भाऊ, कशाचा फॉर्म भरू?" मागं दहा जण उभे, त्यात लाइन गेलेली. त्या घाईत या सवालाचं धड उत्तर होत नाही, म्हणून दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशाचं आताच लिहून ठेवतो.

कागदं एप्रिल-मेमध्येच काढा. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची जुनी नोंद शोधण्यातच महिना जातो. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन्‌अक्षर जुळतं का पाहा. पुढे सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती अडते ती इथंच. आणि मोबाईल नंबर घरचा द्या, माझा नको. ओटीपी त्यावरच येतो, प्रवेशफेरीचा मेसेजही त्यावरच.

आता आयटीआय. फॉर्म भरणं सोपं, खरी गोम विकल्पात. संस्था आणि ट्रेड मिळून एक विकल्प होतो, आणि ते पसंतीच्या क्रमानं लावायचे असतात. हे मी शिकलो ते एका पोट्ट्याचं नुकसान करून. त्याला वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, पाहिजे होता. मी आपल्या मनानं जवळच्या आयटीआयचा वेल्डर एक नंबरवर टाकला, म्हटलं लागून तर जाईल. पहिल्याच फेरीत लागला. पहिल्या पसंतीची जागा लागली की घ्यावीच लागते, नाही घेतली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या तालुक्यात त्याच्या मार्कांवर वीजतंत्री मिळत होता. पोट्टा काही बोलला नाही. बाप मात्र वर्षभर माझ्या दुकानाची पायरी चढला नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही. तेव्हापासून विकल्पाची यादी मी कागदावर बापाच्या नाहीतर मायच्या हातानं लिहून घेतो, मगच टाइप करतो.

वेल्डर वाईट ट्रेड आहे असं नाही. एका वर्षाचा आहे, आठवी पासवरही चालतो, आणि आमच्याकडं कोळसा खाणी, डंपर, घुग्घूसचे कारखाने, त्यामुळं कामाला तोटा नाही. पण महावितरणात विद्युत सहाय्यक व्हायचं तर वीजतंत्री नाहीतर तारतंत्रीचंच (वायरमन) प्रमाणपत्र लागते. वीजतंत्री २ वर्षांचा, त्याला दहावीत गणित-विज्ञान पाहिजे, आणि एका तुकडीत जागा २०च. फिटरही २ वर्षांचा. फिटरला जाणाऱ्यानं आधी कोणत्याही वर्कशॉपमध्ये तासभर उभं राहून यावं. सुरुवातीचे कितीतरी दिवस लोखंडाचा एक तुकडा कानशीनं घासायचा, काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडाकडं धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की परत घासायचं. तळहाताला फोड येतात. ज्याला ते घासणं आवडलं तो टिकला, बाकीचे दिवाळीनंतर गावातच दिसतात.

आयटीआय झाल्यावर घरी बसू नका, अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नाव टाका. चंद्रपूरचं वीज केंद्र, कोळसा खाणींची कंपनी वेकोलि, भद्रावतीची आयुध निर्माणी अप्रेंटिस घेतात. विद्यावेतन मिळते, नोकरीचा शब्द मिळत नाही. पुढं शिकायचं असेल तर २ वर्षांच्या ट्रेडवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते.

पोरींच्या बापांना मुख्य सांगायचं ते नर्सिंगचं. एएनएम, म्हणजे नर्सिंगचा सगळ्यात छोटा कोर्स, २ वर्षांचं, बारावी कोणत्याही शाखेची चालते. आपल्या उपकेंद्रातली सिस्टर बहुतेक एएनएमच असते. त्याच्या वरचा डिप्लोमा जीएनएम ३ वर्षांचं, बारावीला ४० टक्के लागतात. बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं, त्याला बारावीत जीवशास्त्र पाहिजे आणि सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आहे, तिचा फॉर्म बारावीच्या निकालाची वाट पाहत नाही. माझ्या भाचीनं एका संस्थेत वर्षभर 'नर्सिंग'चं शिक्षण घेतलं. फी भरायला तिच्या घरच्यांनी एक बैल विकला. पांढरा ड्रेस, फोटो, प्रमाणपत्र, सगळं मिळालं. फक्त महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईना, कारण त्या कोर्सला मान्यताच नव्हती. आता एका खासगी दवाखान्यात केसपेपर काढते. म्हणून फीचा आकडा विचारण्याआधी विचारा: "पास झाल्यावर कौन्सिलमध्ये नोंदणी होते काय? मान्यतेचं पत्र दाखवा." तोंडी हो म्हटलं तर उठून या.

औषधांच्या डिप्लोमाचं, डी.फार्मचंही असंच. बारावी सायन्सवर २ वर्षं, पण २०२२ च्या नियमानं नोंदणीआधी एक्झिट परीक्षा, म्हणजे कोर्स झाल्यावरची वेगळी परीक्षा, बसली आहे, त्याचा हिशेब धरून चाला. लॅब टेक्निशियनच्या डीएमएलटीलाही सायन्सच लागते, आणि तिथंही सवाल तोच: नोंदणी कुठं होते?

येताना मूळ कागदं, दोन फोटो आणि लिहिलेली यादी आणा. बुधवारी येऊ नका, आमच्याकडं बाजार असतो, नेट चालत नाही.