ब्रेक कॅलिपर व चाकाचे हब घरच्या घरी कसे रंगवावेत

ऐरोली, घणसोली, वाशी या खाडीलगतच्या पट्ट्यात गाडी उघड्यावर उभी राहत असेल, तर काही पावसाळ्यांतच अलॉय चाकांच्या आऱ्यांमधून तांबूस गंज डोकावू लागतो. तो बहुधा ब्रेक कॅलिपरचा (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा) आणि हबचा (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागाचा) असतो. बहुतेक गाड्यांत हे भाग बिडाचे किंवा पोलादाचे असतात आणि खाऱ्या, दमट हवेत ते लवकर गंजतात. गंज वरवरचा असेल तर ब्रेकच्या कामात बाधा येत नाही, म्हणून हे काम घाईने करू नये आणि पावसाळ्यात तर मुळीच करू नये. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना दिलेला रंग धातूला नीट धरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मात्र तेव्हाही पहाटेचे दव पूर्ण सुकल्यावर, दहाच्या सुमारास सुरुवात करावी.

जागा सपाट व पक्की हवी. पार्किंगच्या उतारावर जॅक लावू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा, पलीकडच्या चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात आणि चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत. जॅक केवळ उचलण्यासाठी असतो. वजन घोडीवर (ॲक्सल स्टँडवर) टाकावे आणि काढलेले चाक गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे.

ब्रेकची काळी धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, कारण जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. तोंडाला मास्क बांधून धूळ ब्रेक क्लीनरने ओली करावी व फडक्याने टिपून घ्यावी. मग तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून १२० आणि त्यानंतर २४० नंबरचा पॉलिश पेपर फिरवावा, आणि शेवटी पुन्हा ब्रेक क्लीनरने पुसावे. कामाचा बहुतांश वेळ इथेच जातो आणि तो जाऊ द्यावा. गंजावर दिलेला रंग पुढच्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखा सुटतो. साफ करताना होजच्या (ब्रेकच्या रबरी नळीच्या) जोडापाशी किंवा पिस्टनच्या रबराजवळ ओल दिसली, तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी गॅरेज गाठावे. ती ब्रेक ऑइलची गळती असू शकते, आणि हे ऑइल रंगही खाते.

कॅलिपर उतरवण्याची गरज नसते. जागच्या जागी ब्रशने पोहोचेल तेवढे रंगवले तरी बाहेरून दिसणारा भाग पूर्ण होतो आणि ब्रेकची होज सोडावी लागत नाही, म्हणजे सिस्टिममध्ये हवा शिरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे रंग कुठे लावायचा नाही. डिस्कचा घासणारा पृष्ठभाग, पॅड, पॅड जिथे सरकतात त्या खाचा, स्लाइड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो), सर्व रबरी बूट, ब्लीड निपल (ब्रेकमधील हवा काढण्याची छोटी तोटी), एबीएसचा सेन्सर व त्याची वायर, आणि नट बसतात ते आटे, हे सारे मास्किंग टेपने व जुन्या वर्तमानपत्राने झाकावे. हबच्या बाबतीत मधला उंचवटा आणि कडा रंगवाव्यात, पण चाक ज्या सपाट भागावर टेकते तो कोराच ठेवावा. पहिल्या वेळी तो भाग अर्धवट दिसतो म्हणून मी तोही रंगवला, आणि चौथ्या दिवशी ठाणे-बेलापूर रस्त्यावर स्टिअरिंग थरथरू लागले. नटांच्या दाबाखाली रंगाचा थर चेपला गेला होता व नट सैल झाले होते. मागे ड्रम ब्रेक असतील तर ड्रमलाही हाच नियम लागू होतो.

साधा एनॅमल इथे चालत नाही. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट भरल्या गाडीने उतरताना डिस्क किती तापते, हे चाकाजवळ हात नेला तरी कळते. म्हणून डब्यावर किमान २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकण्याची नोंद असलेला कॅलिपर पेंटच घ्यावा. सोसायटीत स्प्रेपेक्षा ब्रश योग्य, कारण वाऱ्याने उडालेले तुषार शेजारच्या गाडीवर बसतात आणि ते काढणे फार जिकिरीचे असते. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत व मध्ये डब्यावर सांगितलेला वेळ थांबावे. रंगाची निवड ज्याची त्याची. माझ्या मते गडद राखाडी रंग शोभतो आणि त्यावर धूळही कमी दिसते.

रंग हाताला लागेनासा झाला की टेप काढून हबचा कोरा भाग पुसावा, चाक चढवावे व नट आधी हाताने फिरवावेत. गाडी खाली घेतल्यावर ते समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) टॉर्क रेंचने आवळावेत. मग गाडी रात्रभर उभी ठेवावी. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत काही वेळा दाबावे आणि पहिला फेरा सोसायटीच्या आतच, सावकाश घ्यावा. सुरुवातीला रंगाचा किंचित वास येतो. धूर निघाला किंवा ब्रेक कमी लागला, तर रंग डिस्कवर किंवा पॅडवर गेला आहे असे समजून गाडी पुढे नेऊ नये. सारे ठीक असल्यास ५० ते १०० किलोमीटरनंतर चारही चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत.