चिलापी पकडावी कशी आणि मातकट वास घालवून तळावी कशी

चिलापी, म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेतली. १९५२ मध्ये मत्स्यशेतीसाठी ती भारतात आणली गेली आणि पुढे तळ्याधरणांत पसरली. दोन-तीन महिन्यांची झाली की ती विणीला येते. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं भरपूर जगतात आणि देशी माशांचं खाद्य व विणीची उथळ जागा दोन्ही जाते. गळाला लागलेली चिलापी बोटाएवढी असली तरी पाण्यात परत सोडू नका.

खाडीत मात्र आधी खात्री करा. कालुंदर हा आपला देशी मासा दिसायला बराचसा तसाच असतो. पोटाखालच्या मागच्या पराचे टणक काटे मोजा: चिलापीला साधारण तीन, कालुंदरला बारा-तेरा. मरळ लागला तर तोही सोडा, तो चिलापीची पिल्लं खातो. तलावाचा मासेमारी ठेका बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा परवानगी आधी काढा.

काठालगत गुडघा-कमरेएवढ्या पाण्यात तळाशी बशीसारखे खड्डे दिसले की तीच जागा धरा; ते नरांनी विणीसाठी केलेले असतात. तोंड लहान, म्हणून ८ ते १० नंबरचा गळ, ०.२० मिमीचा दोरा आणि पाण्यावर तरंगणारा छोटा बोया पुरतो. गांडुळाचा तुकडा गळ झाकेल एवढाच लावा. लोंबता ठेवला तर शेपूट कुरतडून नेतात आणि गळ रिकामा येतो. आमिष तळापासून चार बोटं वर राहू द्या. थंडीत ती सुस्तावते, उन्हं चढल्यावर बसा.

मासा वर येताना खाली हातजाळी धराच, आणि तिची वीण बारीक हवी. तोंडात पिल्लं असलेली मादी घाबरून ती थुंकते. पाण्यावरच थुंकली तर शेकडो पिल्लं सुटतात आणि सगळी मेहनत वाया. पाठीवरचा पर डोक्याकडून शेपटीकडे तळहाताने दाबूनच मासा धरा, काटे खोल टोचतात. डोक्यावर टोला देऊन लगेच कल्ले कापा, रक्त निथळू द्या आणि माशाच्या वजनाएवढ्या बर्फात ठेवा. जिवंत मासा बादलीतून दुसऱ्या पाण्याकडे नेऊच नका.

सांडपाणी किंवा कारखान्याचं पाणी येतं तिथली चिलापी खाऊ नका. ती अशा पाण्यातही तगते, पण अंगातले जड धातू शिजवून जात नाहीत. ती हातभर खोल पुरा.

साफ करताना पित्ताची पिशवी फुटू देऊ नका, नाहीतर मांस कडू होतं. पोटातला काळा पडदा जाडं मीठ लावून खरवडून काढा. मातकट वास पाण्यातल्या शेवाळामुळे येतो आणि कातडीखालच्या लालसर पट्ट्यात जास्त मुरतो, म्हणून मोठ्या माशाची कातडी सोलून तो पट्टा कापून टाका.

अर्धा किलो तुकड्यांना एक चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे कोकमाचं आगळ चोळून वीस मिनिटं ठेवा. आगळ खारवलेलं असेल तर मीठ निम्मं घ्या. जास्त वेळ ठेवलं तर मांस भुसभुशीत होतं. पाणी टाकून तुकडे कोरडे पुसा, मग अर्धा चमचा हळद, दोन चमचे तिखट, एक मोठा चमचा आलं-लसूण वाटण लावा. तीन भाग तांदळाचं पीठ आणि दोन भाग रवा यात घोळवा. तेल चांगलं तापलं की मध्यम आचेवर प्रत्येक बाजूने चार मिनिटं. तुकडा तव्याला चिकटत असेल तर उलटू नका; खालून कुरकुरीत झाला की आपोआप सुटतो.

दाटीच्या तळ्यात मासे वाढतच नाहीत, वीतभरही नसतात. ते फेकू नका. खवले काढून दोन्ही बाजूंना अगदी जवळजवळ, काट्यापर्यंत पोचणारे काप द्या आणि भरपूर तेलात दहा मिनिटं मंद तळा. बारीक काटे कुरकुरीत होऊन खाता येतात, मधला कणा तेवढा काढा.