आईवेगळं पिल्लू: आधी ऊब, मग दूध

कुत्र्याचं आईवेगळं पिल्लू घरी आणलं की हात लगेच दुधाच्या पातेल्याकडे जातो. थांबा. पिल्लाचं अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पहिले 2-3 आठवडे त्याला स्वतःचं तापमान राखता येत नाही, ना थंडीत, ना सोलापूरच्या 40 अंशांच्या मे महिन्यात. खोक्याच्या एका बाजूला जुनी सोलापुरी चादर घडी करून घाला, दुसरी बाजू मोकळी ठेवा. सोयीची जागा पिल्लू सरकत सरकत शोधतं. पत्र्याखाली खोकं नको, कूलरच्या झोतातही नको.

गाईच्या दुधाने जुलाब लागू शकतात. पिल्लांसाठीची दूध पावडर आणा. पाजताना पिल्लू पालथंच हवं, उताणं पाजलं तर दूध फुफ्फुसात जाऊ शकतं. नंतर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. आई चाटून हेच करते, त्याशिवाय इवलंसं पिल्लू शी-शू करत नाही.

रात्री दर 2-3 तासांनी दूध पाजायला उठून माणूस खरंच पिचतो, चिडचिडही होते. घरात पाळ्या लावून घ्या. साधारण 10 ते 14 दिवसांचं झालं की डोळे उघडतात, आणि ते किलकिले डोळे पाहायला सगळं घर खोक्याभोवती जमतं!

जंतांचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, पहिली लस 6 ते 8 आठवड्यांची झाल्यावर, दोन्ही पशुवैद्यांना विचारूनच. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडू नका; पार्वो हा विषाणूचा आजार फार झपाट्याने जीव घेतो.