गंजलेल्या पत्र्यावर थेट पुट्टी नको

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पूर्ण खोलून बांधायला घेतली असेल, तर रंगावर आलेला प्रत्येक बारीक फोड खरवडून बघा. गंज बहुतेक वेळा आतून आलेला असतो. रुपयाएवढ्या फोडाखाली तळहाताएवढा पत्रा गेलेला सापडतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचत जा; टोक आत घुसलं तर तेवढा भाग कापायचाच, आणि चकचकीत लोखंड लागेपर्यंत. इथे जीव अडकवू नका.

ठिगळाला २० गेजचा (साधारण ०.९ मिमी जाडीचा) पत्रा पुरतो. सलग वेल्डिंग केलं की पत्रा तापून लाटा येतात, म्हणून एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्या. बॅटरीची वायर आधी काढा, सीट-कार्पेटही बाहेर; ठिणगीने फोम पटकन पेटतो. मग एपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारं अस्तर), त्यावर पुट्टी.

आणि दाराच्या खालच्या कडेची भोकं विसरू नका! पाण्याचा निचरा तिथूनच होतो. कोकणातल्या पावसात ती चिखलाने बुजतात आणि दार आतल्या आत कुजतं. तारेने मोकळी करा, रंगानंतर दाराच्या पोकळीत गंजरोधक मेण फवारा, मग तीच तार पुन्हा एकदा फिरवा.