शेटलँडची जिग व्हायोलिनवर बसवताय? या चुका टाळा

स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलँड बेटांवर ज्याला फिडल म्हणतात ते आपलंच व्हायोलिन, फक्त हात वेगळा पडतो. ही बेटं १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने स्कॉटलंडकडे गहाण टाकली, ती सुटलीच नाहीत. त्यामुळे तिथल्या वादनात नॉर्वेचा सूर अजून ऐकू येतो. तिथला जुना नाच मुख्यतः रीलचा, म्हणजे सम मात्रांच्या वेगवान चालीचा. जिग, म्हणजे तीन-तीन मात्रांच्या गटांत चालणारी नाचाची चाल, त्या मानाने कमी, पण हिंदुस्थानी पद्धतीने शिकलेल्या माणसाला सगळ्यात जास्त फसवते तीच.

कारण आपला दादरा ताल. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग, मग वेगळं काय? असं वाटतं आणि आपण सहाही मात्रा सारख्या वजनाने वाजवतो. जिगमध्ये मोजायचे ते दोनच ठोके, पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. प्रत्येक तिकडीतली पहिली मात्रा किंचित लांब, मधली हलकी, तिसरी पुढच्या ठोक्याकडे झेपावणारी. तोंडाने ‘ताकिट ताकिट’ म्हणत खोलीत चाला, ‘ता’वर पाऊल पडू द्या. पाऊल अडखळलं तर व्हायोलिन हातात घेऊ नका. मेट्रोनोमही (ठोके देणारं यंत्र) सहा मात्रांवर नको, दोन ठोक्यांवर लावा. सुरुवात मिनिटाला ७० ठोक्यांनी करा. नाचाची लय साधारण ११५-१२० असते, ती गाठण्याची घाई नको.

लय कळूनही चाल लंगडते, तेव्हा दोष बहुधा गजाचा असतो. एका सुराला एक गज धरला, तर पहिला ठोका गज खाली ओढताना येतो आणि चौथी मात्रा नेमकी वर ढकलताना. ढकलताना हात हलका पडतो, म्हणून दुसरा ठोका दर आवर्तनात विरतो. यावर दोन उपाय आहेत. पहिल्या दोन मात्रा एका गजात बांधा आणि तिसरी सुटी वाजवा. म्हणजे दोन्ही ठोके गज खाली येतानाच पडतात. दुसरा उपाय, वर ढकलतानाही ठोक्याला वजन द्यायला शिकणं. हा कठीण आहे, पण मला महत्त्वाचा वाटतो, कारण सगळीकडे पहिलाच उपाय वापरला तर चाल शिवणयंत्रासारखी होते. गज मधल्या भागात ठेवा, छोटा ठेवा. आलापातला लांब गज इथे आणला की नाच बसकण मारतो.

शेजारची मोकळी तार सोबत घुमवणं ही शेटलँडची खास ओळख. इथे लोक गज दाबतात आणि करकर येते. दाब नको, कोपराची उंची बदला. गज दोन तारांच्या मधोमध टेकला पाहिजे.

काही जुन्या चालींसाठी तारा नेहमीच्या जी-डी-ए-ई ऐवजी ए-ई-ए-ई अशा लावतात. कर्नाटक व्हायोलिनच्या सा-प-सा-प जुळणीशी तिचं नातं कानाला लगेच कळतं. पण त्यासाठी खालच्या दोन्ही तारा एकेक पूर्ण स्वर चढवाव्या लागतात. एकदम चढवू नका. थोडं थोडं ताणा, दर वेळी बाकीच्या तारा तपासा (त्या उतरलेल्या असतात) आणि घोडी (तारा पेलणारी लाकडी पट्टी) बोटपट्टीकडे झुकली नाही ना, ते पाहा. झुकलेली घोडी आडवी पडते. आणि ही जुळणी प्रत्येक चालीला लागत नाही.

मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) आणि आंदोलन (सूर झुलवणं) आवरा. जुन्या ढंगात सूर सरळ लागतो. बोटाचा एखादा झटपट कण, म्हणजे शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श, पुरे.

शेवटची चूक सवयीची. आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, अशी एकूण ३२ आवर्तनं होतात. ‘हेच परत कशाला’ म्हणून पुनरावृत्ती गाळली किंवा विस्तार करावासा वाटून दोन आवर्तनं जास्त घेतली, की नाचणाऱ्यांची रचना मोडते, कारण त्यांच्या फेऱ्या याच मोजणीवर बेतलेल्या असतात. बदल करायचा तर दुसऱ्या फेरीत गजाची बांधणी बदला किंवा मोकळी तार वाढवा. आवर्तनांची संख्या मात्र तीच ठेवा, आणि बत्तिसाव्या आवर्तनात लय सैल सोडू नका. तिथूनच चाल पुन्हा पहिल्या भागावर येते.